अळीची चरबी आणि मजुराची पाठ



कामगार संघटनेच्या माणसाने अळीच्या चरबीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हा प्रश्न शेवटी श्रमाचाच आहे.

कपाशीवरील अमेरिकन बोंडअळीच्या आतड्याभोवती पांढुरका मेदपिंड असतो. तो चरबीची कोठी आहेच. शिवाय आपल्या यकृताप्रमाणे विष मोडण्याचे कामही करतो. हे काम करणाऱ्या विकरांत, म्हणजे एन्झाइमांत, सायटोक्रोम पी-४५० हे एक मोठे घराणे आहे. काही अळ्यांत ते इतके वाढते की सायपरमेथ्रिनसारखे औषध अंगातच मोडले जाते आणि अळी जगते.

हे ओळखावे कसे? हजेरीपटावरील नावावरून झालेले काम कळत नाही, विकराचेही तसेच. त्याचे कामच मोजावे लागते. अळीतून मेदपिंड काढून तो थंड द्रावणात वाटतात. यंत्रात गरगर फिरवून वर तरंगणारी चरबी काढून टाकतात, नाहीतर रस गढूळ राहून माप चुकते. मग त्यात एनएडीपीएच व पॅरा-नायट्रोॲनिसोल ही द्रव्ये घालतात. विकर कामाला लागले की पिवळे नायट्रोफेनॉल तयार होते. तो पिवळेपणा ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. शेजारी उकळलेल्या रसाची नळी ठेवतात. उकळल्याने विकर निकामी होते; तिथेही रंग चढला तर तो विकराचा नव्हे. असा चोख पडताळा आमच्या वाटाघाटींत मिळता तर किती भांडणे मिटली असती!

आता मजुराकडे वळू. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. परंतु अळी मरेना की मात्रा वाढते, फवारे वाढतात, आणि तो सारा भार पाठीवर पंप बांधलेल्या माणसाच्या अंगावर येतो. अळी जे विष मोडून पचवते, ते त्याला पचत नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. मात्रा वाढवण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्या भागातील अळ्यांची तपासणी व्हावी. त्या औषध मोडणाऱ्या निघाल्या तर तेच औषध दुप्पट न मारता उपाय बदलावा. प्रयोगशाळेतील हे ज्ञान तालुक्यापर्यंत पोहोचावे, यासाठी आपण सर्वांनी आवाज उठवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.