कवटीत न मावणारे नेतृत्व



मेंदूविज्ञान आणि नेतृत्व या विषयावरची परिषद नागपुरात घ्यायची, तर पहिला प्रश्न दीक्षाभूमीच विचारते. आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात जाहीर केले. तो निर्धार फळाला आला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, इथे, लाखोंच्या साक्षीने घेतलेल्या बौद्ध धम्माच्या दीक्षेने. मेंदूची चित्रे घेणारे आपले एफएमआरआय यंत्र टिपते ते मेंदूतल्या रक्तातील प्राणवायूचे काही सेकंदांचे चढउतार. मधल्या २१ वर्षांत ते यंत्र नेमके केव्हा सुरू करायचे? आणि कोणाच्या डोक्याभोवती, एकट्या बाबासाहेबांच्या की त्या दिवशी हात जोडून उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या? नेतृत्व माणसामाणसांत घडते. एका कवटीत ते शोधले तर अर्धेच सापडेल.

कोणी म्हणेल, निर्णय शेवटी मेंदूच घेतो ना? घेतो. फिनिअस गेज हा अमेरिकेतला रेल्वेच्या कामावरचा मुकादम. १८४८ मध्ये सुरुंग ठासताना लोखंडी पहार त्याच्या गालातून घुसून डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव इतका पालटला की मालकांनी त्याला मुकादमी परत दिली नाही. मेंदूचा पुढचा भाग आणि माणसे सांभाळण्याची कुवत यांचे नाते त्यातून पुढे आले. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. हाच गेज नंतर चिलीत काही वर्षे घोडागाडी हाकत होता, म्हणजे बराच सावरला असावा. एवढ्या ठळक पुराव्यालाही पुरवणी जोडावी लागते, तिथे रंगीत चित्र दाखवून ‘हा पाहा नेत्याचा मेंदू’ म्हणणाऱ्या कार्यशाळांबद्दल काय बोलावे! तकलादू स्पष्टीकरणाला मेंदूचा असंबद्ध उल्लेख चिकटवला की ते सामान्य वाचकाला अधिक पटते, हे दीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रयोगानेच दाखवले आहे.

मग या विज्ञानाचा उपयोग काय? नेता कोण, हे ते सांगणार नाही. नेत्याचा निर्णय कशाने बिघडतो, हे मात्र सांगू शकेल. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका ढासळतो, असे १९९७ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात आढळले. चारच तास झोपतो, असे मिरवणाऱ्यांनी ते जरूर वाचावे. आम्ही वाचले, म्हणून या परिषदेत रात्रीचे सत्र ठेवलेले नाही. उद्याची सकाळ दीक्षाभूमीसाठी राखली आहे.