जादा दात आणि वर्गातील मूल
(सिन्नर तालुक्यातील शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज वाचन व गणित यांविषयी पुष्कळ ऊहापोह झाला. मी आपले लक्ष एका निराळ्याच मोजणीकडे वेधू इच्छितो. ती मुलांच्या मुखातील दातांची आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या पूर्व भागातील एका दोनशिक्षकी शाळेवर होतो. तिसरीतील एक मुलगा वाचताना तोंडावर हात धरी. शिस्तीच्या भरात मी त्याला सर्वांदेखत हात खाली घ्यावयास लावले. वर्ग हसला. त्याच्या वरच्या पटाशीच्या दोन दातांच्या मधोमध एक निमुळता दात उगवला होता, आणि मुले त्याला ‘खुंटी’ म्हणत. पुढे चार दिवस तो शाळेत आला नाही. बालमानसशास्त्राच्या परीक्षेत मला उत्तम गुण होते, हे येथे सांगावयास संकोच वाटतो.

दुधाचे दात वीस व कायमचे बत्तीस. ‘बत्तिशी’ हा आपला शब्दही या मोजणीवरूनच पडला. परंतु दात निर्माण करणारी पेशींची पट्टी गर्भावस्थेत वा पुढे प्रमाणाबाहेर कार्य करू लागली, तर एखादा दात अधिक होतो. बहुतेक पाहण्यांत कायमच्या दातांच्या बाबतीत हे प्रमाण शंभरांत एक ते तीन असे आढळते. दुधाच्या दातांत ते याहूनही कमी असते. मुलींपेक्षा मुलांत ते अधिक दिसते. सर्वांत नेहमीची जागा म्हणजे वरच्या पटाशीच्या दोन दातांमधील. दुभंगलेले ओठ वा टाळू असलेल्या मुलांत जादा दात विशेषेकरून आढळतात.

दात सरळ करण्यासाठी तारा बसवून घेणाऱ्या रुग्णांतील आकडे वाचताना मात्र सावधगिरी हवी. दात वेडेवाकडे असणारेच तेथे जातात. म्हणून तेथील प्रमाण सर्व गावाला लावणे योग्य नव्हे. उलट, त्यांची क्ष-किरण तपासणी होत असल्यामुळे हिरडीत दडलेले दातही उघडकीस येतात. आपल्या शाळेतील असे दात कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत.

आणि दडलेला दातच अधिक त्रासदायक. तो कायमच्या दाताची वाट अडवितो, त्याला वळवितो, क्वचित त्याच्याभोवती द्रवाची पिशवी धरते. २०१४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका सतरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात २३२ दातसदृश तुकडे काढण्यात आले. ती दंतपेशींची गाठ होती, साधा जादा दात नव्हे, आणि असा प्रकार अत्यंत दुर्मीळ. तथापि त्या मुलाने सुमारे दीड वर्ष सूज सोसली, ही गोष्ट मला आकड्याहून मोठी वाटते.

शिक्षकाने निदान करावयाचे नाही, पाहावयाचे एवढेच. सातव्या-आठव्या वर्षी वरचे मधले दोन दात येतात. एक येऊन सहा महिने लोटले तरी जोडीचा आला नाही, किंवा वरच्या दोन सुळ्यांमध्ये चाराऐवजी पाच दात दिसले, तर ते नोंदवावे. खालच्या दुधाच्या दातामागे नवा दात डोकावला म्हणजे पालक घाबरतात; तो बहुधा जादा नसतो, दुधाचा दात पडला की जिभेच्या रेट्याने पुढे सरकतो. प्रत्येक जादा दात काढावाच लागतो असेही नाही. तो निर्णय दंतवैद्याचा. घरच्या घरी दोरा बांधून ओढण्याचा पराक्रम कोणी करू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याच्या पथकापुढे असे मूल आवर्जून उभे करावे. नाशिकला पंचवटीत दंत महाविद्यालयही आहे. अडचण अंतराची नाही, रोजाची आहे. विड्या वळणाऱ्या आईचा एक दिवस बुडतो, आणि ‘दात तर आहे, दुखत नाही’ म्हणून ती थांबते. तिला कारण पटेल अशी चिठ्ठी द्यावी, आणि मुलाला ती वर्गासमोर देऊ नये. अक्षर सुवाच्य असावे. घरी ती बहुधा त्या मुलालाच वाचून दाखवावी लागते.