नळ शहराचा, विहीर गल्लीची

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

ज्या संस्थेच्या निर्णयाचा परिणाम नागरिकाच्या उंबरठ्यावर सर्वांत आधी दिसतो ती स्थानिक स्वराज्य संस्था, अशी साधी व्याख्या केली तर बेळगाव महानगरपालिकेच्या कारभाराचा हिशेब वसंतातच मांडणे योग्य ठरते. कारण एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू होते, त्याच महिन्यात घरपट्टी भरणाऱ्याला पाच टक्के सवलत मिळत असल्याने कार्यालयांत रांगा लागतात, आणि मे उजाडून राकसकोप जलाशयाची पातळी उतरू लागली की वर्षभराच्या नियोजनाची खरी परीक्षा सुरू होते.

या संस्थेचा पूर्वेतिहास येथील श्रोत्यांना ज्ञात आहे. १८५० च्या कायद्याखाली १८५१ मध्ये बेळगावात नगरपालिका स्थापन झाली. आजची महानगरपालिका १९७६ च्या कर्नाटक अधिनियमाप्रमाणे चालते. तिचे ५८ वॉर्ड आहेत, महापौराची मुदत एक वर्षाची असते, कामकाज चार स्थायी समित्यांत वाटलेले असते, आणि अंमलबजावणीचे अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. सीमाप्रश्नाची हकिगत, म्हणजे १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून असलेला दावा, या सभागृहात पुन्हा सांगण्याची गरज नाही. मात्र या प्रश्नाच्या छायेत एक प्रशासकीय बाब झाकली जाते आणि तिचा उल्लेख करणे भाग आहे. २००५ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये महानगरपालिका बरखास्त झाली. २०१९ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली, आणि निवडून आलेल्या सभागृहाला महापौर मिळण्यास ६ फेब्रुवारी २०२३ हा दिवस उजाडावा लागला. प्रशासकाची राजवट आली म्हणून कचरा उचलणे थांबत नाही; परंतु गल्लीतल्या माणसाला ज्याचे दार वाजवता येते तो प्रतिनिधी त्या काळात अधिकाराविना असतो. गल्लीच्या पातळीवर काहीतरी स्वतंत्रपणे उभे असले पाहिजे, या पुढील विवेचनाच्या आग्रहाचे मूळ या अनुभवात आहे.

पथदीप, गटारे, तुरमुरीच्या कचरा प्रकल्पाकडे जाणाऱ्या गाड्या, उताऱ्यावरील नावे बदलण्याचे अर्ज, या सर्वांचा तपशील महत्त्वाचा असला तरी तो अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत वाचता येतो. नगरसेवकाच्या फोनवर मार्च ते जून या काळात ज्या एका विषयाचा भार असतो तो पाण्याचा. बेळगावात सकाळी शेजाऱ्याला भेटल्यावर नमस्काराआधी “पाणी आलं काय?” असे विचारले जाते, आणि ‘आलं’ हे उत्तर मिळाल्यावर उरलेली विचारपूस पायरीवर तशीच सोडून माणूस घागर घेण्यासाठी आत वळतो. (हशा)

शहराचे पाणी मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. पहिले ठिकाण मार्कंडेय नदीवरील राकसकोप. या नदीचा उगम चंदगड तालुक्याला लागून असलेल्या डोंगराळ मुलखात आहे, म्हणजे शहर ज्या पाण्यावर जगते त्याचा काही भाग राज्याच्या सीमारेषेपलीकडच्या उतारांवर पडलेल्या पावसाचा असतो. दुसरे ठिकाण घटप्रभेवरील हिडकल, जिथून पाणी पंपांनी चढवून आणावे लागत असल्याने वीज खंडित झाली किंवा मुख्य जलवाहिनीला गळती लागली की अर्ध्या शहराचे वेळापत्रक कोलमडते. राकसकोप भरल्याची पातळी २४७५ फूट मानली जाते आणि उन्हाळ्यात रोजची पातळी मराठी वृत्तपत्रांत छापून येते; ज्येष्ठ मंडळी तो आकडा पंचांगातल्या तिथीइतक्याच आस्थेने वाचतात. जागतिक बँकेच्या साहाय्याने चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग २००८ च्या सुमारास शहराच्या साधारण दहाव्या हिश्शात सुरू झाला, आणि आता तोच प्रकार उरलेल्या शहरात नेण्यासाठी रस्ते खोदले जात आहेत. ही योजना चांगली आहे, आणि ती पूर्ण व्हावी यात दुमत नाही. परंतु धरण एका यंत्रणेकडे, वाहिन्यांचे काम दुसरीकडे, वीज तिसरीकडे आणि तक्रार मात्र नगरसेवकाकडे अशी विभागणी असल्यामुळे वॉर्डाचा प्रतिनिधी बहुतेक वेळा निरोप पोहोचवणारा ठरतो.

या ठिकाणी विहिरीचा विचार सुरू होतो. बेळगावच्या बऱ्याच भागात तांबड्या मातीखाली जांभा दगडाचा थर आणि त्याखाली काळा पाषाण आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी झपाट्याने मुरते, खालच्या घट्ट पाषाणावर अडते आणि विहिरीच्या बाजूंनी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. म्हणूनच इथल्या उथळ विहिरीसुद्धा मृग सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत वर येतात, आणि त्याच सच्छिद्रतेमुळे मेमध्ये लवकर खाली जातात. नळ घरोघर पोहोचल्यावर या विहिरी दुर्लक्षित झाल्या, काहींवर जाळी आली, काहींत निर्माल्य आणि प्लास्टिक साचले, काही बुजवून त्यांवर बांधकामे झाली. १९९० च्या दशकातील टंचाईत महानगरपालिकेला पुन्हा त्यांचीच आठवण झाली, जुन्या सार्वजनिक विहिरींतील गाळ उपसण्यात आला आणि त्यांचे पाणी वापरात आले. टंचाई सरल्यावर ही तत्परता पुन्हा ओसरली.

गाळ काढण्याचे काम प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज त्याची किंमत कळत नाही. आधी दोन पंप लावून पाणी उतरवले जाते. मग पेटता दिवा दोरीने खाली सोडून तो विझतो का हे पाहिले जाते, कारण तळाशी प्राणवायू कमी असला तर उतरणाऱ्याच्या जिवावर बेतते. त्यानंतर माणसे शिडीने खाली जातात आणि घमेल्यांतून काळा, चिकट गाळ वर येऊ लागतो. त्या गाळात नारळाच्या कवट्या, तुटलेल्या मूर्तींचे हात, पत्र्याचे डबे, बाटल्या आणि कधीतरी पितळेचा एखादा पोहरा सापडतो. कठड्याच्या दगडावर दोरांनी पाडलेल्या बोटभर खोल खाचा असतात. त्या खाचा किती हातांनी मिळून पाडल्या असतील याचा अंदाज तिथे उभे राहूनच येतो. तळ मोकळा झाला की झऱ्याच्या तोंडाशी गढूळ पाणी थरथरते, आणि ते निवळू लागले की काठावरची गर्दी आपोआप बोलायची थांबते.

टिळकवाडीतील काँग्रेस विहीर या संदर्भात टाळता येत नाही, जरी ठरलेल्या रूपरेषेत तिला दोनच ओळी होत्या. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन, त्यांनी अध्यक्षपद भूषवलेले एकमेव, येथे भरले. गंगाधरराव देशपांडे यांनी ते घडवून आणले. अधिवेशनाच्या नगरीला विजयनगर असे नाव दिले गेले आणि तिथे जमणाऱ्या हजारोंच्या पाण्यासाठी खणलेल्या विहिरीला पंपासरोवर म्हटले गेले. इतिहासाची पुस्तके ठरावांबद्दल आणि भाषणांबद्दल सांगतात; नगर प्रशासनाच्या अभ्यासकाला मात्र अधिक मोलाची वाटणारी बाब अशी की त्या छावणीच्या सफाईची देखरेख काकासाहेब कालेलकर यांच्याकडे होती, तिथे स्वयंसेवकांच्या एका तुकडीने शौचकुपे स्वच्छ करण्याचे काम स्वतः केले, आणि त्या तुकडीत ब्राह्मण स्वयंसेवकही मोठ्या संख्येने होते. पाणी आणि सफाई या दोन सेवांची व्यवस्था आधी, राष्ट्राची चर्चा नंतर, हा क्रम त्या मंडळींनी पाळला. अधिवेशन संपले, मंडप उतरला, विहीर राहिली.

येथे सभागृहात एक प्रश्न उमटणे स्वाभाविक आहे आणि तो योग्यही आहे. गल्लीची विहीर म्हणजे कोणाच्या गल्लीची? ज्या काठावर काही जणांना पाय ठेवण्याची मुभा नव्हती आणि वरून कोणी ओतील तेवढेच पाणी ओंजळीत घ्यावे लागत असे, त्या विहिरीचे गोडवे गाणे हा या विवेचनाचा हेतू नाही. उलट स्थानिक स्वराज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा पाणीप्रश्न हाच होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक विहिरी, तळी व पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले केले. बेळगाव व निपाणी तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्याने हा ठराव येथेही लागू होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले, परंतु कागदावरचा ठराव पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जावे लागले. त्याच्या दोन वर्षे आधी, एप्रिल १९२५ मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली निपाणीत बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन झाले होते, ही गोष्ट निपाणीकर सोडल्यास या भागातही फारशी सांगितली जात नाही. म्हणून विहीर पुन्हा वापरात आणायची ती वॉर्डाच्या सर्व रहिवाशांच्या नावे, महानगरपालिकेच्या नोंदवहीत, आणि गाळ उपसणाऱ्याला पूर्ण मजुरी व सुरक्षेची साधने देऊन. या अटींवाचून ती बुजलेलीच बरी.

दुसरा आक्षेप आरोग्याचा आहे आणि तोही टाळता येत नाही. गटार विहिरीजवळून गळत असेल तर जांभा दगड पावसाच्या पाण्याबरोबर ती घाणही आत घेतो, आणि असे पाणी पिण्यायोग्य नसते. परंतु धुणीभांडी, झाडे, शौचालये, बांधकाम यांना पिण्याचे पाणी लागत नाही. एवढा वापर जरी विहिरीकडे वळला तरी राकसकोपमधील साठा मेअखेरपर्यंत जपता येतो. निपाणीत वेदगंगेबरोबर जवाहर तलाव हाच शहराचा आधार आहे, आणि तलावाची पातळी खाली जाताना पाहण्याची तिथल्या नागरिकांना सवय आहे. तिथेही वाड्यांतल्या आणि गल्ल्यांतल्या विहिरींची मोजणी झाली तर तलावावरचा ताण किती कमी करता येईल हे कळेल.

अध्यक्षांची चिठ्ठी टेबलावर आली असल्याने कर आकारणी, कॅन्टोन्मेंट हद्दीतील सेवा आणि बळ्ळारी नाल्याच्या पुराचा प्रश्न हे तीन विषय येथे सोडून द्यावे लागत आहेत. त्यांतील शेवटचा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

उरलेल्या वेळात मागणी तेवढी नोंदवायची. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या, म्हणजे प्रभागातील नागरिकांना कारभारात बसण्याची जागा देणाऱ्या समित्या, असाव्यात असे ठरवले, आणि २०११ च्या जनगणनेत बेळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. अशा समितीपुढे पहिला कागद विहिरींच्या नोंदवहीचा असावा. प्रत्येक सार्वजनिक विहिरीचे ठिकाण, खोली, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर, शेवटचा गाळ कधी काढला आणि जवळचे गटार किती फुटांवर, एवढे रकाने पुरेत. वही कन्नडमध्ये आणि मराठीत अशी दोन्ही भाषांत असावी, कारण ज्याने ती वाचून विहिरीवर जायचे त्याला ती वाचता आली पाहिजे, आणि सभेचे कामकाजपत्र मराठीत मिळावे या जुन्या मागणीचा अर्थही एवढाच व्यवहारी आहे. मोजणीसाठी यंत्र लागत नाही. सुताच्या दोरीला दर फुटावर गाठ मारावी, टोकाला दगड बांधावा आणि सकाळी उपसा सुरू होण्याआधी ती सोडावी. पहिली नोंद वळवाच्या पावसाआधी झाली पाहिजे, कारण एकदा वळीव पडून गेला की तळ दिसत नाही.