आधी पडायला शिका

शाळेला सुट्टी लागली की चौकाचौकांत कराटे, तायक्वांदो, ज्युदो, किकबॉक्सिंग अशा वर्गांचे फलक झळकू लागतात आणि घराघरांत एकच प्रश्न निघतो: यातली सगळ्यात चांगली युद्धकला कोणती? अंग कमवावं, मनाला धीर यावा आणि प्रसंग आलाच तर स्वतःला वाचवता यावं, या तिन्ही अपेक्षा त्या एका प्रश्नात असतात. माझं म्हणणं असं की कलेच्या नावावरून याचं उत्तर मिळत नाही. ती शिकवतात कशी, हे पाहावं लागतं. आणि ते पाहायची एक साधी खूण आहे. त्या वर्गात खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदाराशी नेमाने झोंबायला लावतात का?

ही खूण कुठून आली ते सांगतो. जपानमध्ये जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने 1882 साली टोकियोतल्या एका देवळात, बारा चटयांच्या जागेत आणि नऊ शिष्यांसह ज्युदोची शाळा काढली. त्याआधी ते जुजुत्सू ही जुनी जपानी युद्धकला शिकले होते. जुन्या जुजुत्सूमध्ये मर्मावर आघात करण्याचे, सांधे मोडण्याचे पुष्कळ डाव होते. पण अडचण अशी, की जो डाव पूर्ण ताकदीने केला तर जोडीदार कायमचा जायबंदी होईल, तो डाव रोज करणार कुणावर? म्हणून तो हळूच, ठरवून, समोरच्याच्या संमतीने करायचा. कानोंनी असे घातक डाव ठरीव सरावापुरते ठेवले आणि मोकळ्या झुंजीत फेकणं, दाबून धरणं, पकडीत घेणं एवढंच राखलं. या मोकळ्या झुंजीला ते रांदोरी म्हणत. वरवर पाहता त्यांनी कलेची धार बोथट केली. प्रत्यक्षात शिष्याला रोज, पूर्ण जोर लावून, न ऐकणाऱ्या माणसावर डाव टाकून पाहण्याची सोय झाली. ‘आमचे डाव इतके जीवघेणे आहेत की त्यांचा खरा सराव करताच येत नाही’ असं जिथे अभिमानाने सांगतात, तिथे फी भरण्याआधी हा इतिहास आठवावा.

आपल्याकडच्या तालमीला हे शहाणपण जपानकडून शिकावं लागलं नाही. लाल मातीत जोर-बैठका झाल्या की वस्ताद जोडी लावून देतो, आणि समोरचा पोरगा काही पुतळ्यासारखा उभा राहत नाही. तोही पट काढतो, तोही मानेवर हात टाकतो. धीर कसा येतो, याचं उत्तर या मातीत आहे. कुणीतरी आपल्याला खाली दाबलं, श्वास कोंडला, तरी डोकं शांत ठेवून आपण सुटलो, हे शंभर वेळा घडलं की शरीराला ते ठाऊक होतं. हवेत मारलेल्या ठोशांनी दम वाढेल, अंग लवचीक होईल, तेही काही कमी नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते, तो हिशेब बहुतेक युद्धकलांत पुरा होतो. पण अशा ठोशांतून आलेला आत्मविश्वास कधी कसोटीला लागलेला नसतो, आणि तीन दिवसांच्या शिबिरातून प्रमाणपत्रासह मिळणारा तर मला धोक्याचाच वाटतो.

यावर कुणी म्हणेल, आखाड्यात पंच असतो, नियम असतात, रस्त्यावर काय? आक्षेप खरा आहे. वजनाचा फरकही खरा आहे. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं ते 57 किलो गटात. एवढ्या कसलेल्या मल्लालाही आपल्याच वजनाचा प्रतिस्पर्धी देतात, तेव्हा सहा महिने शिकलेल्या मुलाने कुणाही धिप्पाड माणसाला लोळवावं अशी आशा धरणं चूक आहे. समोर चाकू असेल, दोघे-तिघे असतील, तर पळणं हाच उत्तम डाव, आणि चांगला शिक्षक तो पहिल्याच आठवड्यात सांगतो. शिवाय भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा देत नाहीत. ज्याला माणूस धरून ठेवता येतो, त्याला ही मर्यादा पाळणंही सोपं जातं.

मुलींच्या बाबतीत मात्र नुसते डाव अपुरे पडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड डोळ्यांपुढे ठेवून दिलेलं शिक्षण इथे कसं पुरेल? कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा तासांचं शिक्षण दिलं होतं. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळीच कसा ओळखावा, भीड कशी मोडावी, ठाम नकार कसा द्यावा आणि हातापायांनी प्रतिकार कसा करावा, हे सगळं त्यात होतं. वर्षभरात, केवळ माहितीपत्रकं मिळालेल्या गटात शंभरात 9.8 जणींवर बलात्कार झाला; शिकलेल्या गटात हे प्रमाण 5.2 होतं. आपल्या गावातल्या वर्गात भीड मोडायला शिकवतात का, हे आईवडिलांनी जरूर विचारावं. (आणि दोष नेहमी हल्ला करणाऱ्याचाच असतो, हेही तिथे मुलींना स्पष्ट सांगितलेलं असावं.)

आता सगळ्यात गंभीर आक्षेप, दुखापतीचा. जपानमध्येच 1983 पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळेत ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली. अनेकांच्या डोक्याला मार लागला होता आणि त्यांत नवशिकी मुलं बरीच होती. म्हणजे झुंज हवी, पण पडायला शिकल्यानंतर. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची, हाताने जमिनीवर थाप मारून धक्का पसरवायचा. हे आठवडेच्या आठवडे घोटून घ्यावं लागतं. ही विद्या म्हातारपणीही साथ देते. जगभरात अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल क्रमांक पडण्याचा लागतो. आयुष्यात कुणी हल्ला करो न करो, माणूस पडतो मात्र नक्की.

तेव्हा श्रोतेहो, नाव नोंदवण्याआधी त्या वर्गात तासभर नुसते बसून या. नव्या मुलाला पहिल्या दिवशी फेकतात की पडायला शिकवतात, डोक्याला मार लागला तर शिक्षक सराव थांबवतो का, जुनी मुलं नवख्यांना सांभाळून घेतात का, हे डोळ्यांनी पाहा. हे सगळं गावच्या तालमीत दिसलं, तर मुलाला आणि मुलीलाही तिथेच घाला.