‘वाडी’ काढायची कशी?

प्रोग्रॅमिंगमध्ये मजकुराच्या तुकड्याला स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंगसाठी मोजकी पण कशालाही चालतील अशी फंक्शन्स असावीत, की एकेका कामाला वेगळं फंक्शन द्यावं, हा वाद जुना आहे. तो आज आपल्या गावांच्या नावांवरच पाहू.

समजा, कोकणातल्या वाड्यांची यादी आहे आणि प्रत्येक नावाच्या शेवटचं ‘वाडी’ काढायचं आहे. पायथन या भाषेतल्या ‘आरस्ट्रिप’ला ‘वाडी’ दिलं, की सुतारवाडीचं सुतार होतं, कुंभारवाडीचं कुंभार. काम फत्ते झालं असं वाटतं. पण त्याच यादीत तेलीवाडीचं होतं ‘तेल’ आणि गुरववाडीचं ‘गुर’! कारण आरस्ट्रिप ‘वाडी’ हा शब्द पाहतच नाही. व, काना, ड आणि दुसरी वेलांटी ही चार चिन्हं तो सुटी धरतो आणि यांतलं कुठलंही शेवटी दिसतंय तोवर काढत राहतो. म्हणून तेलीची वेलांटी गेली, गुरवाचा व गेला. एरर मात्र येत नाही, आणि मला खरी धास्ती वाटते ती याचीच. यादी तशीच पुढे जाते.

आता कुणी म्हणेल, हातानेच लिहा की! शेवट ‘वाडी’ आहे का तपासा आणि तिच्या लांबीइतकं मागून कापा. चालेल. पण काढायचा तुकडाच कधी रिकामा आला तर? प्रत्येक स्ट्रिंगचा शेवट रिकाम्या तुकड्याने होतो असंच पायथन मानतं. मागून कापताना लांबी उणे करून देतात; पण उणे शून्य म्हणजे शून्यच, त्यामुळे शून्यापर्यंतचा भाग उरतो आणि अख्खं नाव नाहीसं होतं. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा साचा वापरावा, तर तिथे साध्या टिंबाचा अर्थ ‘कोणतंही अक्षर’ असा होतो; म्हणजे काढायच्या तुकड्यात टिंब असेल तर भलतंच कापलं जाऊ शकतं.

अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये पायथन ३.९ आलं आणि त्यात ‘रिमूव्हसफिक्स’ मिळालं. तेलीवाडीचं तेली, गुरववाडीचं गुरव. जावास्क्रिप्टमध्येही साध्या स्ट्रिंगच्या सगळ्या जागा बदलणारं ‘रिप्लेसऑल’ २०२१ च्या प्रमाणात आलं; तोवर ‘रिप्लेस’ला साधी स्ट्रिंग दिली तर फक्त पहिलीच जागा बदलायची.

अशाने भाषा फुगते, हा आक्षेप मला मान्य आहे. एकदा दिलेलं फंक्शन वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. म्हणून किती ओळी वाचल्या, हे मी मोजत नाही. चांगल्या प्रोग्रॅमरने सहज लिहिलेला तुकडा कडेच्या प्रसंगी चुकतो का, एवढंच पाहतो. चुकत असेल तर ते काम भाषेनेच अंगावर घ्यावं.

आणि घेतल्यावर ते आटोपशीर ठेवावं. शेवट तपासणाऱ्या ‘एंड्सविथ’ला एकदम अनेक पर्याय देता येतात, रिमूव्हसफिक्स एकच घेतं. तपासताना कुठला पर्याय जुळला याने फरक पडत नाही. कापताना पडतो: ‘वाडी’ आणि ‘डी’ दोन्ही दिले, तर सुतारवाडीचं ‘सुतार’ करायचं की ‘सुतारवा’? तो क्रम लिहिणाऱ्यालाच ठरवू दिला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.