मडके आधी की शेत?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटे दिली आहेत, तेव्हा प्रस्तावना करीत बसत नाही. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात मी फळ्यावर तीन शब्द लिहून त्यांच्यामध्ये बाण काढले होते : शेती, गाव, मडकी. माणूस आधी शेती करू लागला, शेतीमुळे एका जागी राहू लागला आणि मग धान्य साठविण्यासाठी मडकी घडवू लागला. बी.ए.ला मी असेच शिकलो आणि पुढे असेच शिकवीत आलो. त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मडकं करायला माती लागते, पाणी लागतं, विस्तव लागतो. शेत कशाला लागतं?" वर्ग हसला. मीही हसलो आणि "पुस्तकात आहे ते लिही" असे सांगून तिला खाली बसविले. ती मुलगी आज दहावीत आहे व येथे समोर बसली आहे. तिला द्यायचे राहिलेले उत्तर आज सर्वांसमक्ष देतो.

चिखलाची गोळी उन्हात वाळवा. ती कितीही कडक झाली तरी पाण्यात टाकली की तिचा पुन्हा चिखल होतो. फुटक्या माठाची खापरी मात्र वर्षानुवर्षे ओढ्यात पडली तरी खापरीच राहते. याचे कारण असे की, मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी असते. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअस उष्णतेला ते निघून जाते, आणि एकदा ते गेले की माती मूळ स्थितीत येत नाही. एवढी उष्णता लाकडांच्या उघड्या जाळातही मिळते. म्हणजे मुलीचे म्हणणे बरोबर होते. शेत लागत नाही.

पण मग शेतावाचून कोणी माती भाजली होती काय? होय. चेक प्रजासत्ताकात मोराव्हिया प्रांताच्या दक्षिणेस डोल्नी व्हेस्तोनिचे नावाचे गाव आहे. २५ हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या थंडीत, तेथे शिकारी टोळ्यांचा तळ असे. आसपास मॅमथ या केसाळ हत्तीच्या हाडांचे ढीग. १९२५ साली कारेल अब्सोलोन यांच्या उत्खननात तेथील राखेत एका स्त्रीची मूर्ती दोन तुकड्यांत सापडली. उंची अवघी ११ सेंटिमीटर, आणि ती चक्क भाजलेल्या मातीची! सिंह, अस्वल, मॅमथ अशा प्राण्यांच्या मूर्तींचे तुकडेही तेथे हजारोंनी मिळाले. २००४ साली या मूर्तीची यंत्राने तपासणी झाली, तेव्हा तिच्या पाठीवर बोटाचा एक ठसा दिसला. तो सात ते पंधरा वर्षांच्या मुलाचा असावा असा अंदाज आहे. मूर्ती त्याने घडविली नसेल, पण ओली असताना हाताळली खास. मुलांनो, वर्गातल्या वस्तूंना हात लावू नका म्हणून आम्ही तुमच्यावर ओरडतो. हा ठसा मात्र जपून ठेवलेला आहे.

यातील जवळजवळ सगळ्या मूर्ती फुटलेल्या आहेत. १९८९ साली पामेला व्हॅन्डिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या भेगा तपासल्या. ओली माती एकदम जाळात गेली की तडकते, तशा त्या भेगा आहेत. कदाचित फुटाव्यात म्हणूनच त्या जाळात टाकीत असतील, असे त्यांनी सुचविले. मला हे पटायला जरा जड जाते. मुलांना लगेच पटेल!

लक्षात घ्या, भाजण्याची कला यांना येत होती, पण मडके त्यांनी केले नाही. पहिली मडकी मिळतात ती हजारो वर्षांनंतर आणि हजारो मैल पूर्वेला. चीनच्या जियांगशी प्रांतात शियानरेनदोंग नावाची गुहा आहे. तेथील खापऱ्यांचे वय २०१२ साली प्रसिद्ध झाले : १९ ते २० हजार वर्षे. त्या प्रदेशात भाताची शेती यायला तेव्हा आणखी सुमारे दहा हजार वर्षे होती. खापऱ्यांच्या बाहेरच्या बाजूस जळाल्याच्या खुणा आहेत. म्हणजे ही धान्याची कोठारे नव्हेत, ही चुलीवरची भांडी!

आणि त्यांत शिजत काय होते? याचा पुरावा जपानमधून आला. जपानातही शेतीच्या फार पूर्वीपासून शिकारी व मासेमार लोक मडकी करीत. ओदाई यामामोतो येथील खापऱ्या सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. २०१३ साली ऑलिव्हर क्रेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानातील तेरा ठिकाणच्या प्राचीन खापऱ्यांवरची करप तपासली. बहुतेकींत पाण्यातल्या जिवांची, मुख्यतः माशांची चरबी निघाली. आपल्या किनाऱ्यावरच्या माता-भगिनींना यात नवल वाटणार नाही. कालवण मातीच्या भांड्यातच चांगले होते हे त्यांना ठाऊक आहे. मडके नव्हते तेव्हा तापलेले दगड कातड्याच्या पखालीत टाकून पाणी उकळावे लागे. मडके विस्तवावर ठेवून माणूस दुसऱ्या कामाला लागू शकतो.

याच्या उलट उदाहरण पाहा. पॅलेस्टाइनमधील जेरिको येथे कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात उत्खनन केले. दहा हजार वर्षांपूर्वी तेथे धान्य पिकत होते, दगडी तट होता, उंच बुरूज होता. मडके मात्र एकही नव्हते! ते त्या भागात पुष्कळ नंतर आले. पश्चिम आशियातला हा क्रम पाहून विद्वानांनी तो साऱ्या जगाला लावला, पुस्तकांनी तो उचलला आणि आम्ही शिक्षकांनी फळ्यावर बाण काढले.

आता पालक विचारतील, "मास्तर, परीक्षेत मुलाने लिहायचे काय?" रास्त प्रश्न आहे; गुण कापले गेले तर तुमच्या मुलाचे जातात, माझे नव्हेत. मी वर्गात असे सांगतो : पुस्तकातला क्रम लिहा, पण त्याच्यापुढे 'पश्चिम आशियात' हे दोन शब्द घाला, आणि खाली एक ओळ जोडा की चीन व जपानमध्ये मडके शेतीच्या आधी आले. माझ्याकडे येणाऱ्या उत्तरपत्रिकांत या ओळीचे गुण मी देतो. त्या मुलीचा सहामाहीतला एक गुण मी या प्रश्नावर कापला होता. तो आता वहीत वाढविता येत नाही, पण कापला होता हे येथे सांगून ठेवतो.