आधी कागद, मग निष्ठा
(हॉटेल आणि लेणी कामगारांच्या बैठकीतलं भाषण)



मी काही भाषणवाला माणूस नाही. बारा वर्षं हॉटेलात खोल्या साफ करतोय. लोक अजिंठा-वेरूळ बघून दमून येतात, त्यांच्या चादरी बदलतो, संडास घासतो.

परवा साहेबाने फॉर्म दिला. 'कामावर समाधानी आहात का? कंपनीशी एकनिष्ठ आहात का?' मी म्हटलं, साहेब, कोणती कंपनी? पगार देतो कंत्राटदार, हुकूम सोडता तुम्ही, शर्टावर नाव तिसऱ्याचंच. निष्ठा नेमकी कुणाच्या दारात नेऊन टाकू?

काम आवडत नाही असं नाही. ताणून घातलेली चादर बघून मलाही बरं वाटतं. पण 240 दिवस भरत आले की 'ब्रेक', पंधरा दिवसांनी पुन्हा भरती. सलग नोकरीचा हक्कच सांगता येऊ नये! बारा वर्षं झाली, कागदावर मी अजून नवाच.

मार्च 2020 ला लेणी बंद झाली, ती डिसेंबरात उघडली. आतली चित्रं दीड हजार वर्षं टिकली. आमची नोकरी दोन आठवडे टिकली नाही. फोन आला, 'उद्यापासून येऊ नका.' नोटीस नाही, हिशेब नाही. अजिंठ्याला म्हाताऱ्या पाहुण्यांना डोलीतून वर नेणारे आपले भाऊ, त्यांना तर काढून टाकायलासुद्धा कुणी मालक नव्हता.

आणि काउंटरवर कोण, संडासात कोण, हे जरा आडनावं वाचून सांगा. बुद्धाची लेणी दाखवून पैसा कमवायचा आणि बुद्धाच्या पोरांच्या हातात ब्रश द्यायचा!

कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. नेमणूकपत्र द्यायचं, हेही संहितेत आहे. पण त्या 1970 च्या कायद्यातला मूळ 20 कामगारांचा आकडा संहितेने कंत्राटी कामगारांसाठी 50 वर नेला. कुणाच्या सोयीसाठी, ते मी सांगायला नको.

7 नोव्हेंबर 1938 ला बाबासाहेबांनी संपाचा हक्क कापणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईचा कामगार रस्त्यावर आणला. आपण निदान आपली हजेरी तरी लिहून ठेवू. तारीख, तास, हातात पडलेले पैसे. वहीत, रोज. आपल्यातलाच मुकादम हजेरी खात असेल तर त्याचंही नाव लिहा.

नेमणूकपत्र, पगाराची पावती, पीएफचा नंबर. हे तीन कागद हातात येऊ द्या. निष्ठेचा फॉर्म त्यानंतर भरू.

जय भीम!